कुंभारीहून पाच-नऊ

“खाली ये! आत्ताच्या आत्ता खाली ये, न्हायतर ही तार कापतो बघ!”

अंबादास, तू गल्लीत उभं राहून ओरडत होतास आणि गच्चीवरच्या खोलीत मी मायक्रोफोनमध्ये ओरडत होतो, म्हणून पहिली दहा मिनिटं तुझा आवाज मला आलाच नाही. बायकोनं वर येऊन सांगितलं की खाली एक काटकुळा माणूस पक्कड घेऊन आलाय, आपल्या अँटेनाकडे बघून तेलुगूत काहीतरी बोलतोय आणि ते काही चांगलं वाटत नाही. मी डोकावलो. खाकी पँट, केसांत लूमवरच्या सुताचा पांढरा भुरका, एका हातात सायकल, दुसऱ्या हातात पक्कड. अर्धी गल्ली जमली होती. पुढं वीस वर्षं ही गोष्ट सांगताना मी आधी अख्खी गल्ली जमवली, मग अख्खी भवानी पेठ, आणि अलीकडे तर दोन हवालदार आणि एक उंटही आणला होता. तू दर वेळी मान खाली घालून एवढंच म्हणायचास, “सात माणसं होती. त्यातले दोघं दूधवाले.”

तू कुंभारीहून सायकल मारत आला होतास, कारण हवेत, म्हणजे रेडिओवर, तू मला तासभर हाका मारल्या होत्यास आणि मी तुला बोलूच दिलं नव्हतं. रोज सकाळी साडेसातला तुझी हजेरी असायची. लातूरचे मास्तर, विजापूरचा एक, सांगलीचे दोघं, बार्शीचा दुकानदार, सगळे आपल्यासारखेच परवाना काढून घरी रेडिओ लावून बसलेले. एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमायचे. तू एकेकाचं नाव घ्यायचास आणि जो तो ‘आहे’ म्हणायचा. कुणाचा गुडघा, कुणाची नात, कुणाच्या गावात पाणी आलं की नाही, झालं. आणि मी त्या रविवारी नेमका तिथंच तंबू ठोकून स्पर्धा खेळत होतो. अठ्ठेचाळीस तास, जगभरचे रेडिओवाले एकमेकांना गाठतात, जितकी माणसं आणि जितके देश तितके गुण. माझ्यापुढं जपानपासून इटलीपर्यंत रांग लागली होती आणि रांगेच्या खाली कुठंतरी तुझी बारा-पंधरा म्हातारी माणसं चिरडत होती.

“मी विचारलं होतं,” मी जिन्यातूनच म्हणालो. “जागा वापरात आहे का, दोनदा विचारलं. नियमाप्रमाणं.”

“विचारलास. उत्तराला थांबलास का?”

हे भांडण आपलं कधी मिटलंच नाही. वीस वर्षं मी म्हणत राहिलो की थांबलो होतो आणि तू म्हणत राहिलास की नव्हतो. आज सांगतो, आता तुला त्याचा काही उपयोग नाही, पण सांगतो. नव्हतो थांबलो.

त्या दिवशी चहा झाला आणि तू पक्कड खिशात घातलीस. मला वाटलं, आता हा सांगणार की ती जागा त्याची. तू म्हणालास, जागा माझीपण न्हाय, हवेत कुणाचा सातबारा न्हाय. ठरलं ते असं की साडेसात वाजले की मी थोडा बाजूला सरकायचं, आणि तुम्ही यायच्या आधीच तिथं गर्दी असेल तर तुम्ही सरकायचं. जो आधी तो बोलेल, जो नंतर तो ऐकेल. वीस वर्षांत तू हजेरी किती वेळा सरकवलीस ते मला माहीत आहे. मी किती वेळा सरकलो ते विचारू नकोस.

मग तू माझी वही ओढलीस. मी केलेल्या सगळ्या भेटी त्यात होत्या, पानंच्या पानं. तू बोट फिरवत खाली गेलास आणि तुझा चेहरा असा झाला की लूमवर कुणीतरी तुटक्या धाग्यानंच चादर विणलेली तुला दिसली. सगळ्यांपुढं एकच आकडा होता. पाच-नऊ. समोरच्याचं बोलणं कितपत कळतंय याचे पाचापैकी गुण, आणि सिग्नल किती जोरात येतोय याचे नवापैकी. पाच-नऊ म्हणजे अगदी कानाशी बसून बोलल्यासारखं. मी समजावलं की स्पर्धेत सगळेच सगळ्यांना पाच-नऊ देतात. समोरचा विहिरीतून बोलत असला तरी पाच-नऊ. मोजायला वेळ कुणाला आहे? रीतच आहे ती, कुणी खोटं मानत नाही.

“मग नऊ म्हणजे काय राहिलं?” तू विचारलंस.

मला उत्तर आलं नाही, आणि मला उत्तर येत नाही असं आयुष्यात दोनदाच झालंय. दुसऱ्यांदाचं पुढं येईलच.

तेव्हा तू मला वायंडिंगच्या मशीनवर हात ठेवायला लावलास. माझं पोट त्या मशीनवर, जळालेल्या मोटारी भरून देतो मी, तेव्हा ती शपथ साधी नव्हती. जगाला दे पाच-नऊ, तू म्हणालास, मला मात्र खरा रिपोर्ट द्यायचा. आणि माझं नावही तेव्हाच ठेवलंस. तुमच्या तेलुगूत खोट्याला ‘अबद्धम’ म्हणतात. त्या दिवसापासून हवेत मला जगात सगळे बाळासाहेब म्हणायचे आणि कुंभारीहून एक आवाज यायचा, “काय अबद्धम, जागा हायस का?”

ती शपथ मी पाळली. मी काय चीज आहे हे सोलापूर जाणतं. माझ्या गोष्टीतल्या आकड्याला तू चारनं भागायचास आणि तरी जास्त आलं म्हणायचास. पण शेवटच्या त्या रविवारापर्यंत तुला दिलेला एकही रिपोर्ट मी फुगवला नाही. कुंभारी ते भवानी पेठ, मध्ये दहाएक किलोमीटर. तू बोललास की माझ्या मीटरची सुई दांडीला जाऊन थाडकन आपटायची, तेव्हा पाच-नऊ म्हणजे खरंच पाच-नऊ असायचं. एका पावसाळ्यात तू हवेत आलास आणि सुई सातावर थबकली. मी म्हणालो, “सात. जोडात पाणी शिरलंय तुझ्या.” तू छपरावर चढून अँटेनाच्या तारेचा जोड उघडलास आणि आतून चमचाभर पाणी काढलंस. दोन दिवस तू हजेरीत सगळ्यांना सांगत होतास, अबद्धमनं दहा किलोमीटरवरून माझ्या जोडातलं पाणी बघितलं. मी ती गोष्ट सांगताना चमचाभराचं तांब्याभर केलं, आणि पहिल्यांदाच तू दुरुस्त केलं नाहीस.

ऐकणं हे तुझं काम होतं, माझं बोलणं. अक्कलकोटकडचा तो नवा माणूस आठवतो का? कानडी वळणाचं मराठी, बॅटरीवरचा रेडिओ, आवाज इतका बारीक की सगळे त्याच्यावरून बोलत निघून जायचे. तू सगळी हजेरी थांबवलीस. खाली कुणीतरी आहे, म्हणालास, कुणी बोलू नका. अर्धा तास तू त्याचं नाव एकेक अक्षर करून काढलंस. मी चिडलो होतो, मला दुकान उघडायचं होतं. तो माणूस पुढं रोज आला. तू गेल्याचं कळलं तेव्हा सगळ्यात आधी तोच रडला, तेही हवेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आता तो रविवार.

तू शुक्रवारी जिन्यावरून पडलास, मांडीचं हाड मोडलं, डॉक्टरांनी सहा आठवडे खाटेवर टाकलं, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. तूच वहिनींना बजावलं होतंस की बाळूला कळवू नका, धावत येईल आणि त्याची स्पर्धा बुडेल. तुझा मोठा सेट वरच्या खोलीत, अँटेना छपरावर, आणि तू खाली खाटेवर. म्हणून तू तो छोटा घरी बनवलेला सेट उशाशी घेतलास, चार-पाच वॅटचा, आणि तांब्याची तार भिंतीवरून खाटेभोवती फिरवून घेतलीस. ती तार माझ्याच दुकानातली होती. सोमवारपासून हजेरी खाटेवरून घ्यायची होती तुला. त्याआधी एकच गोष्ट बघायची होती, आवाज बाहेर पडतोय का.

रविवारी सकाळी माझी रांग लागली होती. खरी रांग, वाढवून सांगत नाही. मी त्या वर्षी गुणांत अशा ठिकाणी पोचलो होतो की मागं वळून बघवत नव्हतं. एकाला पाच-नऊ, पुढचा, पाच-नऊ, पुढचा. आणि त्या गलक्याच्या तळाशी एक खरखर आली. तिच्यात तुझा कॉलसाइन होता, परवान्यावरचं तुझं हवेतलं नाव, दोन अक्षरं गळालेलं.

मी तुला ओळखलं. इथं काही पळवाट ठेवत नाही. आवाज भिंतीआडून यावा तसा होता, पण तुझा होता. माझी नजर मीटरवर गेली. सुई दोनावर होती. कुंभारीहून, दोनावर. माझ्यातल्या मोटारवाल्याला तेव्हाच कळलं की काहीतरी मोडलंय. अँटेना, सेट नाहीतर माणूस.

पण स्पर्धेत आपल्याच देशातल्या माणसाशी बोलण्याचे गुण शून्य असतात. हेही त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं, हे तुला सांगायलाच हवं. तुझ्यामागं जपान उभा होता.

“पाच-नऊ,” मी म्हणालो. “थँक्यू. पुढचा.”

तू गेला नाहीस. खरखरीतून पुन्हा वर आलास आणि मराठीत म्हणालास, “बाळू, खरा रिपोर्ट दे.”

अबद्धम नाही म्हणालास. बाळू म्हणालास.

“पाच-नऊ, अंबादास. खरा. पुढचा!”

आणि मी पुढच्याला घेतलं.

मनाशी मी ठरवलं होतं की स्पर्धा संपली की फोन करायचा. सोमवारी पहाटे संपली, मी झोपलो, उठलो तर श्रीपूरहून निरोप. गाळप सुरू व्हायचं होतं आणि कारखान्याच्या तीन मोटारी जळाल्या होत्या. सामान भरून गेलो. तिथून एकदा फोन केला, तो वहिनींनी उचलला. रेडिओवरच बसलेत, म्हणाल्या, आणि पुढं काहीतरी सांगायला लागल्या. आजूबाजूला कारखान्याचा गोंगाट होता आणि माझ्या तोंडात स्पर्धेची गोष्ट तयार होती. ती मी त्यांना सांगितली, इटलीसकट. मग म्हणालो, सगळं बरं ना? आणि येतोच म्हणून फोन ठेवला.

विचारलं होतं मी. उत्तराला थांबलो नाही.

त्याच्या पुढच्या सोमवारी तू गेलास. हृदय, डॉक्टर म्हणाले. माझ्या पाच-नऊनं तुझा जीव गेला असं कुणी म्हणणार नाही आणि मीही ते नाटक करणार नाही. करू शकतो, मला येतं. पण तू चारनं भागशील.

तू गेल्यावरच्या पहिल्या सकाळी मी साडेसातला रेडिओ लावला. विचारलं, जागा वापरात आहे का. आणि थांबलो, घड्याळ समोर ठेवून पुरतं एक मिनिट. नुसती खरखर. मग लातूरचे मास्तर हळूच म्हणाले, आहे, सगळे आहेत, तुम्हीच नावं घ्या. मी नावं घेतली. शेवटी मास्तर म्हणाले, मला वाटलं होतं अंबादास मुलीकडे सुरतेला गेला असेल, आठ दिवस आलाच नाही. मला काही कळलं नाही. आठ दिवस? वहिनी तर म्हणाल्या होत्या की रेडिओवरच बसलेत.

परवा मी कुंभारीला आलो. वहिनी खाटेशेजारी जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, हातात कातर. विड्या वळणारं घर थांबत नाही हे मला माहीत आहे, तरी त्या कातरीचा आवाज मला फार मोठा वाटला. तार तशीच भिंतीवर होती, खिळ्या-खिळ्यांवरून, कपाटामागून, खाटेच्या पायापर्यंत. अंबादास, आवाज गिळणाऱ्या लोखंडी कपाटामागून! तुला कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणून तर विचारलं होतंस. खिडकी उशापासून दोन हातांवर. बाहेर शेवग्याचं झाड, तुझ्या छपराच्या वर गेलेलं.

वहिनींनी तुझी वही दिली. मला वाटलं, आठवण म्हणून देतायत. शनिवारच्या पानावर तू लिहिलं होतंस: तार सध्या खोलीतच. आधी बाळूचा रिपोर्ट, मग ठरवू. रविवारच्या पानावर माझा कॉलसाइन, त्यापुढं पाच-नऊ, आणि त्यापुढं तुझ्या त्या शाळेतल्या मुलासारख्या अक्षरात एकच शब्द. खरा.

त्याखाली सोमवार. हाक दिली, उत्तर नाही. मंगळवार, हाक दिली, उत्तर नाही. बुधवारी लिहिलंस की लातूर स्वच्छ ऐकू येतो, सांगलीही. मी आहे म्हटलं, कुणी नाव घेतलं नाही. गुरुवारी सेट उघडून तपासल्याची नोंद आहे, झोपल्या झोपल्या छातीवर ठेवून. सेट ठीक. सिग्नल पाच-नऊ जातोय, तरी बोलत नाहीत. शुक्रवारी फक्त एक ओळ: माझं काही चुकलं का?

शनिवार-रविवार पुन्हा हाक, पुन्हा उत्तर नाही. सोमवारचं पान कोरं.

मी वही मिटली. वीस वर्षं जी माणसं तू रोज नावानं उठवलीस, ती आपल्याला वगळून बोलतायत असं समजून तू आठवडाभर खाटेवर पडून होतास, कारण आवाज पोचतोय याची खात्री तुला होती. ती खात्री तुला मी दिली होती. दुसरा कुणी म्हणाला असता तर तू भागून घेतलं असतंस. माझा खरा रिपोर्ट तू भागत नव्हतास.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या. कातर चालूच होती. “तुमाला कळतं त्यातलं, म्हणून विचारते. आठ दिवस रोज बोलवायलेत. कुणीच का बोललं न्हाय त्यांच्याशी?”

हे ते दुसऱ्यांदाचं. पण या वेळी उत्तरं होती, हवी तितकी. सूर्यावर डाग आले होते. वरच्या हवेत वादळ होतं. बँडच बंद होता, वहिनी, सगळ्या देशाचा. मला त्याची अशी गोष्ट करता आली असती की त्या डोळे पुसून म्हणाल्या असत्या, बरं झालं सांगितलात. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. समोर तुझी वही आणि तिच्यातला तो एक शब्द.

सांगितलं मग, जसं होतं तसं. रविवारची रांग, सुई दोनावर, शून्य गुण, तू दोनदा विचारलंस ते, मी दोनदा खोटं बोललो ते. कुणी तुझ्याशी बोलणं टाकलं नव्हतं, तुझा आवाज या खोलीबाहेर जेमतेम पडत होता, आणि हे एकट्या मला ठाऊक होतं. एकही आकडा वाढवला नाही. तुला पटणार नाही, पण पाच मिनिटांत संपलं. एवढी लहान गोष्ट मी जन्मात सांगितलेली नाही.

 वहिनींच्या हातातलं पान कापून झालं, ते त्यांनी सुपात टाकलं. मग भिंतीवरच्या तारेकडे बघितलं, तिच्यावरून नजर नेत नेत कपाटापर्यंत आणि तिथून खिडकीपर्यंत. मी शिव्यांची वाट बघत होतो. तुमच्या तेलुगूतल्या सगळ्या मला येतात, तूच शिकवल्यास.

“मग खिडकीतनं बाहेर टाकली असती की तार,” त्या म्हणाल्या.